टाकाऊ राऊटर, टिकाऊ विद्या

शासकीय कार्यालयात किंवा शाळेत ज्यांनी काम केले आहे, त्यांना जडवस्तू संग्रह नोंदवहीचा परिचय असतोच. खुर्ची, टेबल, कपाट, भिंतीवरचे घड्याळ या वस्तूंची तीत नोंद होते आणि वस्तू निकामी ठरली म्हणजे रीतसर निर्लेखन होऊन ती वहीतून व कार्यालयातून जाते. गेल्या काही वर्षांत या वहीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे राऊटर. इंटरनेटची तार ज्या लहानशा पेटीत येऊन थांबते आणि जिच्यातून ते बिनतारी रीतीने खोलीभर पसरते, ती ही पेटी होय.

काही वर्षांपूर्वी माहिती संकलनाच्या दौऱ्यात एका जिल्हा परिषद शाळेत ही वही चाळण्याचा प्रसंग आला. ‘राऊटर, नग ४, नादुरुस्त’ अशी नोंद होती. तेथील गुरुजींना त्याविषयी विचारले. ते म्हणाले, “साहेब, एक वीज पडली तेव्हा खरोखरच गेला. एकाचा फक्त ॲडाप्टर जळाला आहे. उरलेले दोन का काढले, ते कोणालाच सांगता येत नाही.” त्याच शाळेत इंटरनेटची जोडणी बंद पडली की पडद्यावरचा पाठ थांबत असे आणि मुले फळ्याकडे तोंड करून बसत. एकीकडे कपाटात धूळ खात पडलेली यंत्रे आणि दुसरीकडे यंत्रावाचून अडलेला पाठ, असा हा प्रकार होता.

या दोहोंच्या मधला दुवा ज्ञानाचा आहे. स्वस्त राऊटर व छोटे संगणक यांत फेरफार करून त्यांच्याकडून नवी कामे करवून घेण्याचा छंद जगभर गेली वीस वर्षे जोपासला जात आहे. हा छंद काय आहे, तो कसा सुरू झाला, त्यातून आपल्या देशात काय घडले आणि आपल्या शाळांना व ग्रामपंचायतींना त्यातून काय घेता येईल, याचा परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

पेटीच्या आत काय असते?

टपाल कार्यालयात आलेली पत्रे पत्ता पाहून निरनिराळ्या खणांत टाकली जातात. राऊटरचे काम याच स्वरूपाचे आहे. इंटरनेटवरील मजकूर, चित्रे व आवाज लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविले जातात. प्रत्येक तुकड्यावर तो कोठे जावयाचा आहे याचा पत्ता असतो. राऊटर तो पत्ता वाचतो आणि तुकडा योग्य दिशेने रवाना करतो.

हे काम करण्यासाठी पेटीत जी सामग्री असते ती कोणत्याही संगणकात असते तीच. विचार करणारा प्रोसेसर, काम चालू असताना लागणारी मेमरी, आज्ञावली कायम जपून ठेवणारी फ्लॅश साठवण, बिनतारी संदेश देणारा रेडिओ आणि तारा जोडण्याची छिद्रे, एवढे तिचे अवयव. पडदा आणि कळफलक नाही, म्हणून तिला कोणी संगणक म्हणत नाही इतकेच.

फ्लॅश साठवणीत कायम वस्तीला असणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. पेटीने काय करावे आणि काय करू नये हे ही आज्ञावली ठरविते. कारखानदार ठरावीक गिऱ्हाइकांपुरती ठरावीक कामेच तीत ठेवतो. ती आज्ञावली काढून तिच्या जागी दुसरी घातली, तर तीच पेटी दूरच्या खोलीपर्यंत जाळे वाहून नेणारी दुय्यम चौकी होऊ शकते, कोणत्या संगणकाने किती इंटरनेट वापरावे याची वाटणी करू शकते, किंवा आपल्यासारख्याच इतर पेट्यांशी हातमिळवणी करून गावभर जाळे विणू शकते. यंत्र तेच राहते. बदलते ती त्याला दिलेली शिकवण.

एका निळ्या पेटीची कथा

या छंदाचा उगम एका विशिष्ट राऊटरपाशी सापडतो. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस या अमेरिकी कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा राऊटर बाजारात आणला. निळ्या-काळ्या रंगाची, मागे दोन अँटेना असलेली ही पेटी घरगुती वापरासाठी होती. पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ मेगाबाइट मेमरी आणि ४ मेगाबाइट फ्लॅश साठवण होती. २००३ मध्ये सिस्को या कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. त्याच वर्षी काही जाणकारांच्या लक्षात आले की, या पेटीतील आज्ञावली लिनक्सवर आधारलेली आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिन्लंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला. जनरल पब्लिक लायसन्स नावाच्या परवान्याखाली तो सर्वांसाठी खुला आहे. या परवान्याची मुख्य अट अशी की, जो कोणी ही आज्ञावली वापरून बनविलेली वस्तू इतरांना देईल, त्याने तिची मूळ संहिताही घेणाऱ्यास उपलब्ध करून दिली पाहिजे. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी घ्यावे, पण आपल्या पाटावरून खालच्या शेताला ते अडवू नये, असाच हा न्याय म्हणावयाचा. जाणकारांनी मागणी लावून धरली आणि कंपनीने २००३ मध्येच मूळ संहिता प्रसिद्ध केली.

ही संहिता हाती येताच जगभरातील हौशी मंडळींनी तीत सुधारणा करण्यास प्रारंभ केला. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्या निळ्या पेटीच्या नावातील अक्षरे त्याच्या नावात आजही टिकून आहेत आणि आता तो शेकडो निरनिराळ्या राऊटरांवर चालतो.

या कथेतील पुढचा भाग विशेष बोधप्रद आहे. २००५ च्या अखेरीस त्याच नावाच्या राऊटरची पाचवी आवृत्ती आली. तीत लिनक्सऐवजी दुसरी प्रणाली होती आणि मेमरी ८ मेगाबाइट व फ्लॅश २ मेगाबाइट, म्हणजे पूर्वीच्या निम्मी. बाहेरून पेटी जवळजवळ सारखीच, आतून मात्र निराळी. हौशी गिऱ्हाइकांची मागणी पाहून कंपनीने जुन्या घडणीची पेटी डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने स्वतंत्रपणे विक्रीस ठेवली आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ बाजारात टिकली. सामान्य गिऱ्हाइकाने यंत्र समजून घेतले तर कारखानदारालाही त्याची दखल घ्यावी लागते, हे यावरून दिसून येते. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने परवान्याच्या अटींवरून सिस्कोविरुद्ध दावा दाखल केला. मे २००९ मध्ये त्यात तडजोड झाली.

धरमशाळेचा धडा

आता आपल्या देशातील उदाहरण पाहू. हिमाचल प्रदेशातील धरमशाळा हे डोंगरउतारावर वसलेले गाव. निर्वासित तिबेटी समाजाच्या अनेक शाळा, कार्यालये व संस्था तेथे आहेत. डोंगराळ भाग, समोरासमोर दृष्टी न पोहोचणाऱ्या इमारती आणि बेभरवशाची वीज अशी तेथील परिस्थिती होती. जानेवारी २००५ च्या अखेरीस भारत सरकारने वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा इमारतीबाहेरील वापरही परवान्यातून मुक्त केला. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत तेथील हौशी तंत्रज्ञांनी आठ संस्थांची आवारे बिनतारी जाळ्याने जोडलीही.

त्यांनी वापरलेली यंत्रे म्हणजे वर वर्णन केलेलेच घरगुती राऊटर होत. त्यांतील आज्ञावली बदलून आणि पावसापासून संरक्षण करणाऱ्या आवरणात बसवून ते छपरांवर लावण्यात आले. वाढत वाढत हे जाळे तीसहून अधिक ठिकाणी पोहोचले आणि दोन हजारांहून अधिक संगणक त्यास जोडले गेले. बाहेरच्या इंटरनेटची एकूण क्षमता मात्र सेकंदास अवघी ६ मेगाबिट होती.

अशा रचनेस मेश, म्हणजे जाळीदार रचना म्हणतात. ओढ्याला पूर आला तर गावकरी जसा टेकडीवरून वळसा घालून जातो, तसाच संदेश जाळीदार रचनेत मार्ग काढतो. एका छपरावरची वीज गेली, तर उरलेल्या पेट्या दुसरी वाट आपोआप शोधतात. वीज वारंवार जाणाऱ्या प्रदेशात ही रचना उपयोगी पडली यात नवल नाही.

तथापि तिची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. पेटीत एकच रेडिओ असेल, तर तिला एकाच वेळी ऐकता व बोलता येत नाही. आधी संदेश घ्यावयाचा, मग पुढे द्यावयाचा. त्यामुळे दोन टप्प्यांत वेग सुमारे निम्मा होतो, तीन टप्प्यांत एक-तृतीयांशावर येतो. म्हणून जेथे तार टाकणे शक्य आहे तेथे तारच टाकावी. बिनतारी टप्पा गरजेपुरता ठेवावा.

छोटा संगणक आणि गावातील ग्रंथालय

राऊटरच्या जोडीला दुसरे साधन आले ते छोट्या संगणकाचे. इंग्लंडमधील केंब्रिज येथील रास्पबेरी पाय प्रतिष्ठानाने २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तळहातावर मावेल असा, एकाच पट्टिकेवरचा संगणक ३५ डॉलर किमतीस विक्रीस आणला. शाळकरी मुलांनी न घाबरता संगणकाशी खेळावे हा त्यामागील हेतू होता. २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीपासून त्यात वाय-फायही अंगभूत आहे.

राऊटर व हा छोटा संगणक एकत्र केले तर काय साधते? शाळेपुरते विचारात घेतले तर याचे उत्तर ‘इंटरनेटवाचून ग्रंथालय’ असे आहे. किविक्स नावाची एक खुली आज्ञावली आहे. विकिपीडियासारखा ज्ञानकोश एका फाइलीत उतरवून घेऊन तो इंटरनेट नसतानाही वाचण्याची सोय ती करते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तो मेमरी कार्डावर उतरवून छोट्या संगणकात ठेवला आणि राऊटरद्वारे वर्गात पसरविला, तर मुलांच्या हातातील कोणत्याही फोनवर वा संगणकावर तो उघडतो. बाहेरची जोडणी तुटलेली असली तरी पाठ अडत नाही.

प्रत्यक्ष कृती

ज्या शिक्षकांना व विज्ञान मंडळांना हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांच्यासाठी क्रम पुढे दिला आहे.

१. यंत्र ओळखा. पेटीच्या तळाशी असलेल्या चिठ्ठीवर नमुन्याचे नाव आणि आवृत्तीचा क्रमांक असतो. दोन्ही उतरवून घ्या. निळ्या पेटीच्या पाचव्या आवृत्तीचे उदाहरण विसरू नये.

२. क्षमता तपासा. ओपनडब्ल्यूआरटीच्या चालू आवृत्त्यांसाठी किमान ८ मेगाबाइट फ्लॅश व ६४ मेगाबाइट मेमरी लागते. १६ व १२८ असल्यास उत्तम. याहून लहान जुनी यंत्रे शिकण्यापुरती वापरावीत, इंटरनेटला जोडू नयेत.

३. योग्य फाइल घ्या. प्रकल्पाच्या अधिकृत यादीत आपला नमुना व आवृत्ती शोधूनच फाइल उतरवावी. कारखान्याची आज्ञावली प्रथमच बदलताना बहुधा ‘फॅक्टरी’ नावाची फाइल लागते व पुढील सुधारणांसाठी ‘सिसअपग्रेड’ नावाची. फाइल अखंड उतरली आहे की नाही, हे सोबत दिलेल्या पडताळणी अंकावरून पाहावे.

४. तारेनेच जोडा. आज्ञावली बदलताना संगणक व राऊटर यांच्यात इथरनेटची तार असावी आणि काम पुरे होईपर्यंत वीज जाऊ नये. बदल चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या आज्ञावलीमुळे पेटी गप्प होते. हौशी मंडळी अशा पेटीस ‘ब्रिक’, म्हणजे वीट म्हणतात.

५. परवलीचा शब्द लगेच ठेवा. नवी आज्ञावली प्रथम परवलीच्या शब्दावाचून सुरू होते आणि सामान्यतः तिचा वाय-फाय बंद असतो. आधी शब्द ठेवावा, देश म्हणून भारत निवडावा, मगच वाय-फाय चालू करावा.

६. विजेचा हिशेब करा. पेटीस १२ व्होल्ट व अर्धा अँपिअर लागत असेल तर तिचा खर्च ६ वॉट. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॉट-तास साठतात. कागदावर १४ तास झाले. परंतु बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्यास घातक असल्याने ७ तासच धरावेत. शाळेच्या दिवसास ते पुरेत. पेटीवर लिहिलेला दाब आणि धन-ऋण टोके तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

मुलांना घराच्या विजेवर चालणारा ॲडाप्टर कधीही उघडू देऊ नये. छपरावर अँटेना लावावयाची झाल्यास वीज पडण्याचा धोका लक्षात घेऊन जाणकार वायरमनचा सल्ला घ्यावा.

कायदा आणि दक्षता

यंत्र उघडता येते म्हणून वाटेल ते करता येते, असे नाही. या बाबतीत अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनी चार गोष्टींकडे लक्ष पुरवावे.

पहिली गोष्ट मालकीची. जडवस्तू नोंदवहीत असलेली वस्तू ही शासनाची मालमत्ता होय. निर्लेखनाचा किंवा वापराचा लेखी आदेश असल्याखेरीज तिला हात लावू नये. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने दिलेली पेटी पुष्कळदा तिच्याच मालकीची असते. जी यंत्रे खरोखर निकामी झाली, ती भंगारवाल्यास न देता ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे गेली पाहिजेत.

दुसरी गोष्ट प्रक्षेपणशक्तीची. २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात प्रक्षेपकाची शक्ती १ वॉट आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॉट अशी मर्यादा घातली. ५ गिगाहर्ट्झमधील पट्टे इमारतीबाहेरील वापरासाठी २०१८ मध्ये अधिक व्यापकपणे खुले झाले. आज्ञावली बदलून ही मर्यादा ओलांडणे हा गुन्हा ठरू शकतो. अमेरिकेतही हा प्रश्न उद्भवला होता. मर्यादेबाहेर चालविता येणाऱ्या राऊटरांबद्दल २०१६ मध्ये एका कंपनीस तेथील दळणवळण आयोगाकडे दोन लाख डॉलर भरावे लागले. मात्र त्याच तडजोडीत, खुल्या आज्ञावलीचा मार्ग मोकळा ठेवण्याच्या दृष्टीने प्रयत्न करण्याचेही कंपनीने मान्य केले. मर्यादा पाळणे आणि यंत्र खुले ठेवणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

तिसरी गोष्ट कुलपाची. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी धमकीचा जो ई-मेल पाठविण्यात आला, तो नवी मुंबईतील एका घराच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्या घरातील माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तथापि चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागलाच. म्हणून जाळ्यास डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ पद्धतीचे कुलूप असावे आणि शाळेच्या जाळ्याची जबाबदारी एका नावावर असावी. गावकऱ्यांना इंटरनेट पुरवावयाचे असेल तर त्यासाठी ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेसारखा विहित मार्गच अवलंबावा.

चौथी गोष्ट देखभालीची. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक आज्ञावलीने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणांत शिरकाव केल्याचे उघडकीस आले. त्यांत प्रामुख्याने लहान कार्यालयांतील व घरांतील राऊटर होते. कारखानदाराने सुधारणा देणे थांबविले की जुनी पेटी अशा हल्ल्यांपुढे उघडी पडते. खुल्या आज्ञावलीस सुधारणा मिळत राहतात, हा तिचा मोठा लाभ होय. परंतु त्या वेळोवेळी घालण्याचे काम कोणीतरी केलेच पाहिजे. नवी यंत्रे घेताना खुली आज्ञावली चालते की नाही, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा. ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचा राऊटरही बाजारात आणला असून, चुकीची आज्ञावली पडली तरी पेटी पुन्हा जिवंत करता यावी, अशी सोय त्यात ठेवली आहे.

शाळेतील चार पेट्या

आरंभी उल्लेखिलेल्या शाळेत पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पत्र लिहिले आणि चारही पेट्या विज्ञान मंडळाच्या प्रयोगासाठी वापरण्याची परवानगी मिळविली. पहिला प्रयोग फसला. नमुना बरोबर होता, पण आवृत्तीचा क्रमांक पाहिला गेला नाही; पेटी कायमची गप्प झाली. गुरुजींना त्याचे फार वाईट वाटले. मुलांनीच मग ती पेटी उघडली, प्रोसेसर, मेमरी, फ्लॅश व रेडिओ यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आणि ती विज्ञानाच्या कपाटात ठेवली. वीज पडून गेलेली पेटी ई-कचऱ्यात गेली. ज्या पेटीचा फक्त ॲडाप्टर जळाला होता, ती नव्या ॲडाप्टरवर सुरू झाली. चौथीवर नवी आज्ञावली बसली.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा इंटरनेटची जोडणी नेहमीप्रमाणे बंदच होती. वर्गात मात्र मुले मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचे पान वाचत होती आणि त्यातील एक चूक एका मुलीने वहीत टिपून ठेवली होती. जोडणी आली की ती दुरुस्त करणार असल्याचे तिने सांगितले.

दोन जुन्या पेट्यांनी शाळेचा फार मोठा खर्च वाचविला, असे नाही. नव्या राऊटरची किंमत काही हजारांपलीकडे जात नाही. लाभ झाला तो निराळा. यंत्र बिघडले म्हणजे बाहेरचा माणूस येईपर्यंत थांबावयाचे, ही सवय त्या शाळेत मोडली. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत आज सर्व कारभार संगणकाच्या जाळ्यावरून चालतो. ते जाळे गावात टिकावयाचे असेल तर ते उघडून पाहणारी, समजून घेणारी आणि नियमात राहून दुरुस्त करणारी माणसे गावातच तयार व्हावयास हवीत. आपल्या नोंदवहीतील ‘नादुरुस्त’ हा शेरा पुढील वेळी लिहिण्यापूर्वी, तो कोणी आणि काय तपासून लिहिला, एवढा प्रश्न प्रत्येक कार्यालयप्रमुखाने व मुख्याध्यापकाने विचारला, तरी या कामास आरंभ झाला असे म्हणता येईल.